फेस जमला की हात जमतो!

वस्तऱ्यानं दाढी करायची हौस आलीये? मग वस्तरा जरा बाजूला ठेवा. आधी ब्रश घ्या, वाटीभर पाणी घ्या आणि नुसता फेस करायला शिका. निम्मी दाढी तिथंच होते.

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री माणसानं काय करावं? शर्टाला इस्त्री करावी, रेझ्युमेच्या प्रिंट काढाव्यात आणि गपचूप झोपावं. मी काय केलं? ऑनलाइन मागवलेला वस्तरा बाहेर काढला.

झालं असं की महिनाभर मी रील्स बघत होतो. लाकडी मुठीचा ब्रश, वाटीत फुललेला पांढराशुभ्र फेस, आणि गालावरून सर्रकन फिरणारी उघडी धार. एकदम राजेशाही थाट. म्हटलं, आपणही करूच. ट्यूबमधून टूथपेस्टसारखी लांबलचक क्रीम काढली, ब्रश नळाखाली धरला न धरला, आणि गालावर घासायला सुरुवात केली. फेस तर जबरदस्त झाला. कानापासून गळ्यापर्यंत मी सांताक्लॉजच दिसत होतो.

पहिला हात मारला आणि वस्तरा अडकला. ओढला, तर कापलं. दुसऱ्या गालावर पुन्हा तेच. हनुवटीपर्यंत पोचायची हिंमतच झाली नाही. अर्धी दाढी ठेवून मी आरशासमोर उभा, चार ठिकाणाहून रक्त येतंय, आणि सकाळी साडेनऊला इंटरव्ह्यू.

सकाळी सात वाजता होस्टेलच्या कोपऱ्यावरच्या सलूनचं शटर वर जायच्या आत मी दारात हजर होतो. सलूनवाल्या काकांनी माझं तोंड बघितलं आणि एवढंच विचारलं, “घरी केली काय रे?”

“हो काका. वस्तरा चांगला नव्हता बहुतेक.”

त्यांनी माझ्या गालावर बोट फिरवलं. म्हणाले, “वस्तऱ्याला कशाला नावं ठेवतोस? साबण सुका राहिला तुझा. पाणीच पाजलं नाहीस त्याला.”

काका काय वेगळं करत होते?

तुम्ही सलूनमध्ये कितीतरी वेळा बसला असाल. पण त्या वेळी आपलं लक्ष समोरच्या टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर असतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी काकांच्या हाताकडे बघितलं. पुढच्या वेळी तुम्हीही बघा.

आधी त्यांनी गालावर पाण्याचा फवारा मारला आणि ओल्या हातानं दाढी चोळली. मग क्रीम घेतली ती बदामाएवढी. मी घेतली होती त्याच्या पाव हिस्सासुद्धा नाही. ब्रश गालावर गोल गोल फिरू लागला. थोडं फिरवलं की ब्रशचं टोक वाटीतल्या पाण्याला नुसतं टेकवायचे, पुन्हा फिरवायचे. पुन्हा टोक पाण्याला, पुन्हा गालावर. असं पाच-सहा वेळा तरी झालं असेल. एकदम भरपूर पाणी एकदाही घेतलं नाही.

माझा फेस उंच, कोरडा आणि फुगलेला होता. काकांचा फेस बसका होता, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात चमकत होता. फरक डोळ्यांना दिसत होता. मग त्यांनी नवीन ब्लेड कागदातच मोडलं, अर्धं पातं वस्तऱ्यात बसवलं आणि माझ्याच त्या फाटक्या गालावरून अलगद फिरवलं. एकदाही ओढल्यासारखं झालं नाही.

फेस म्हणजे नुसती शोभा नाही

फेस कशासाठी असतो? बहुतेकांना वाटतं, दाढी कुठं झाली आणि कुठं राहिली ते कळावं म्हणून. ते आहेच. पण त्याची खरी कामं दोन.

पहिलं काम केस मऊ करायचं. दाढीचा कोरडा केस चांगलाच चिवट असतो. पण केस पाणी पितो. आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांपर्यंत पाणी तो शोषून घेऊ शकतो. असा फुगलेला, मऊ झालेला केस कापायला खूप कमी जोर लागतो. मात्र त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. केसावर तेलकटपणा असतो, तो पाण्याला आत जाऊ देत नाही. साबण तो काढतो आणि पाणी केसापाशी धरून ठेवतो. म्हणजे फेसातलं पाणी केसाला मऊ करतं, आणि साबण ते पाणी वाहून जाऊ देत नाही.

दुसरं काम धारेला घसरायला वाट द्यायचं. धार आणि कातडी यांच्यामध्ये एक बुळबुळीत थर हवा. हा थर साबण आणि पाण्याचा असतो, हवेचा नाही. आपण चुकतो ते इथंच. फेस फुगतो तो हवेनं. त्यामुळे ढीगभर फेस दिसला तरी कातडीला लागून पाणी नसेल तर वस्तरा अडकणारच. डब्यातून फुस्सकन निघणारा फोमसुद्धा गॅसनं फुगवलेला असतो. झटपट काम होतं हे खरं, पण त्यात ब्रशनं साबण केसांच्या मुळापर्यंत पोचवायची पायरीच गळते.

साध्या रेझरमध्ये ही चूक खपून जाते. तिथं पातं दांड्यांच्या आड असतं, कातडीला जेमतेम टेकतं. वस्तऱ्याला असली कसलीच आड नाही. उघडी धार, तुमचा हात आणि मध्ये फक्त फेस. म्हणून वस्तऱ्यानं दाढी करणाऱ्यासाठी फेस हाच सुरक्षेचा कठडा.

आणि एक. दाढीनंतर मान लाल होते, पुटकुळ्या येतात, आग होते म्हणून ‘माझी स्किनच सेन्सिटिव्ह आहे’ असं ठरवून टाकणारे कितीतरी मित्र असतात. मग महागडी जेल, लोशन, आणखी काय काय. त्यातल्या काहींचं दुखणं खरंच त्वचेचं असतं, त्यांनी डॉक्टरकडेच जावं. पण त्याआधी एकदा फेसात पाणी वाढवून बघायला काय हरकत आहे? पाणी फुकट आहे.

सामान काय लागतं?

फार काही नाही. एक ब्रश, शेव्हिंगचा साबण किंवा क्रीम, एक वाटी आणि कोमट पाणी.

ब्रश डुकराच्या केसांचा, बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा, घोड्याच्या केसांचा किंवा कृत्रिम धाग्यांचा मिळतो. डुकराच्या केसांचा ब्रश सुरुवातीला राठ लागतो, वापरून वापरून मऊ होतो, आणि वापरायच्या आधी तो काही मिनिटं पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. कृत्रिम धागे पाणी शोषत नाहीत, त्यामुळे तो ब्रश भिजवत बसावं लागत नाही आणि वाळतोही लवकर. नवशिक्यानं कृत्रिम धाग्यांचा घेतला तरी काही बिघडत नाही.

साबण मात्र शेव्हिंगचाच घ्या. आंघोळीची वडी चालत नाही का? ओल्या गालावर फेस होतो, पण दोन मिनिटांत बसतो. शेव्हिंगच्या क्रीमवरची घटकांची यादी एकदा वाचा. स्टिअरिक अॅसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड ही दोन नावं बहुतेक वरच सापडतील. स्टिअरिक अॅसिडमुळे फेस दाट होतो आणि टिकतो. पोटॅशियमचा साबण मऊ असतो, पाण्यात पटकन विरघळतो. आंघोळीच्या साबणात बहुतेक करून सोडियम असतं, म्हणून ती वडी कडक राहते.

चक्का, श्रीखंड की मठ्ठा?

आता मुख्य काम. शक्यतो आंघोळ झाल्यावर लगेच करा. नाहीतर कोमट पाण्यानं तोंड धुऊन ओला टॉवेल दोन मिनिटं दाढीवर धरा. तोंड पुसायचं नाही, ओलंच ठेवायचं.

ब्रश भिजवा आणि दोनदा झटका. ठिबकणारं पाणी जायला हवं, ओल राहायला हवी. वडी असेल तर तिच्यावर अर्धा मिनिट ब्रश फिरवा, टोकांना दाट लेप चढेपर्यंत. क्रीम असेल तर बदामाएवढी पुरे. मग वाटीत, तळहातावर किंवा थेट गालावर ब्रश गोल गोल फिरवायला लागा. नवीन शिकणाऱ्यानं गालावरच करावं. एक तर ब्रश केस उभे करून त्यांच्या मुळाशी पाणी पोचवतो, आणि दुसरं म्हणजे फेस कसा बदलतोय ते कातडीलाच कळतं. ब्रश दाबून घासू नका मात्र. भांडी घासत नाही आहोत आपण.

आता पाणी घालायचं. ब्रशचं टोक पाण्याला टेकवायचं, वीस-तीस वेळा फिरवायचं, आणि बघायचं. पुन्हा टेकवायचं. ओळखायचं कसं? काकांनी सांगितलेली खूण मी मराठी स्वयंपाकघरात आणून बसवली आहे.

पहिली अवस्था चक्क्याची. फेस घट्ट, चमक नाही, ब्रश उचलला की टोकं उभी राहतात आणि तशीच राहतात. आपण इथंच खूश होऊन थांबतो. थांबू नका. पाणी कमी आहे.

दुसरी अवस्था श्रीखंडाची. फेसावर चमक येते, बुडबुडे डोळ्यांना दिसेनासे होतात, टोक उभं राहतं पण लगेच वाकतं. साध्या रेझरला हे उत्तम. वस्तऱ्यासाठी इथून पुढं आणखी एकदा टोक पाण्याला टेकवा. श्रीखंड थोडं सैल झालं पाहिजे, घोटलेल्या दह्यासारखं.

तिसरी अवस्था मठ्ठ्याची. मोठे बुडबुडे दिसतात, फेस गालावरून ओघळतो. पाणी जास्त झालं. घाबरायचं कारण नाही, ब्रशवर किंचित साबण घेऊन पुन्हा फिरवा.

शेवटची परीक्षा बोटांची. चिमूटभर फेस अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळा. बोटं एकमेकांवरून सरकन निसटली तर जमलं. चिकटल्यासारखी, ओढल्यासारखी वाटली तर अजून पाणी हवं. डोळ्यांपेक्षा या परीक्षेवर जास्त भरवसा ठेवा.

सरतेशेवटी ब्रश आडवा धरून, भिंतीला रंग देतो तसे दोन-चार सरळ फटकारे मारा. फेस सारखा पसरतो. थर पातळच हवा. वस्तऱ्याची धार कुठं टेकतेय ते दिसलं पाहिजे, फेसाच्या डोंगराखाली ते दिसत नाही.

दुष्फेन हा शब्द आठवतोय?

काकांनी मला आणखी एक प्रश्न विचारला होता. “पाणी कुठलं वापरतोस?”

“होस्टेलवर बोअरचंच येतं.”

“मग बरोबर.”

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात आपण ‘दुष्फेन पाणी’ वाचलं होतं. व्याख्या पाठ केली, मार्क घेतले आणि विसरलो. पण शब्दाकडे बघा ना. ज्या पाण्यात फेस नीट होत नाही ते दुष्फेन. आपण बोलताना त्याला जड पाणी म्हणतो. यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते साबणाला धरतात आणि त्याचा साका करून टाकतात. फेस व्हायच्या ऐवजी पांढरट चोथा होतो. आंघोळीनंतर बादलीला बसणारा थर आणि गिझरच्या आत साचणारा पांढरा खर, या दोन्हींमागे हेच क्षार असतात.

उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवर चालणाऱ्या होस्टेलमध्ये, सोलापूरकडं, मराठवाड्यात, विदर्भात हा अनुभव पुष्कळांना असेल. त्यावर उपाय सोपा आहे. दाढीला लागतं किती पाणी? दोन वाट्या. तेवढं फिल्टरचं, आरओचं पाणी घ्या. ते नसेल तर पाणी उकळून, निवळू देऊन वरचं घ्या, थोडा तरी फरक पडतो. तेही जमत नसेल तर साबण जरा जास्त घ्या आणि ब्रश जास्त वेळ फिरवा. पावसाळ्यात एकदा पागोळीचं स्वच्छ पाणी धरून फेस करून बघा. तेवढ्याच साबणात दुप्पट फेस झाल्यासारखा वाटेल.

धार लावण्याआधी

आता वस्तऱ्याकडं येऊ. त्याचे दोन प्रकार. एक जुना, खरा वस्तरा, अखंड पोलादी पात्याचा. जर्मनीतलं झोलिंगन आणि इंग्लंडमधलं शेफिल्ड ही गावं त्यासाठी जगभर ओळखली जातात. तो दगडावर परजावा लागतो आणि प्रत्येक दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो. दुसरा म्हणजे आपल्या सलूनमधला, अर्धं ब्लेड घालायचा. हा सोपा वाटतो, पण नव्या ब्लेडची धार फार तिखट असते आणि पातं हलकं असतं. त्यामुळे चूक झाली तर तो जराही माफ करत नाही.

फेसाशी संबंध असलेल्या चार गोष्टी सांगतो, बाकीचं प्रत्यक्ष बघूनच शिका.

एक, अर्ध्याच तोंडाला फेस लावा. वस्तऱ्याला नवशिक्याला वेळ लागतो, तोवर दुसऱ्या गालावरचा फेस पंख्याच्या वाऱ्यानं सुकून जातो. चमक गेली की समजा, पाणी गेलं. ओला ब्रश पुन्हा फिरवा.

दोन, कातडी ताणणारी बोटं कोरडी हवीत. फेसानं माखलेली बोटं घसरतात, कातडी सैल सुटते आणि नेमकं तिथंच कापतं. बोटांना तुरटी चोळली तर पकड चांगली बसते.

तीन, जिथला फेस निघाला तिथं पुन्हा धार फिरवायची नाही. एखादा खुंट राहिला असेल तर राहू दे. पुन्हा फेस लावा, मग हात लावा. बहुतेक जखमा ‘एवढाच एक राहिलाय’ या मोहापायी होतात.

चार, पहिला हात केस वाढतात त्या दिशेनंच. पातं कातडीशी साधारण तीस अंशात, आणि जोर शून्य. उलटा हात मारायची घाई पहिले काही महिने करू नका. मुरूम असतील, कातडी सोललेली असेल तर वस्तरा हातातच घेऊ नका.

आणि स्वच्छतेचं विसरू नका. ब्लेड दर वेळी नवीन हवं, सलूनमध्ये असाल तर ते तुमच्यासमोर बदललं जातंय ना हे बघा. विचारायला लाजू नका. हेपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, दुसऱ्याच्या ब्लेडचा बारीकसा ओरखडाही त्याला पुरतो. रूममेटशी चार्जर वाटून घ्या, वस्तरा नको, आणि तुरटीसुद्धा नको. ब्रश वापरून झाला की साबण पूर्ण धुऊन, झटकून, हवेशीर जागी वाळू द्या. ब्रशला कमी लेखू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत, नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्स झाला होता.

आधी नुसता ब्रश

त्या दिवशी इंटरव्ह्यू झाला. गालावर चार बारीक रेघा होत्या, त्या कुणी विचारल्या नाहीत. पण मी पुढच्या रविवारी पुन्हा सलूनमध्ये गेलो आणि काकांना म्हटलं, “मला शिकवा ना.”

ते हसले. म्हणाले, “मी वडिलांच्या दुकानात उभा राहिलो ना, तेव्हा कित्येक महिने माझ्या हातात वस्तरा दिला नाही त्यांनी. नुसता ब्रश. गिऱ्हाइकाला साबण लावायचा आणि बाजूला व्हायचं. मग फुग्याला फेस लावून त्याच्यावरून वस्तरा फिरवायचा. फुगा फुटला की शिव्या.”

मला तेव्हा हे जुन्या काळातल्या मास्तरकीसारखं वाटलं. आता कळतं, त्यांच्या वडिलांनी पोराला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी शिकवली होती. धार कुणालाही विकत घेता येते. मीही घेतलीच होती की ऑनलाइन, दोन दिवसांत घरपोच! फेस मात्र घरपोच येत नाही.

मी काकांचं ऐकलं. महिनाभर साध्या रेझरनंच दाढी केली, पण फेस मात्र रोज वाटी-ब्रशनं केला. पहिल्या आठवड्यात बहुतेक दिवस चक्का, दोनदा मठ्ठा. तिसऱ्या आठवड्यात बोटं निसटायला लागली. गंमत म्हणजे मानेवरची पुरळ तेवढ्यातच कमी झाली, वस्तऱ्याला हात न लावताच.

तुम्हीही तेच करा. पुढचे पंधरा दिवस वस्तरा विसरा. हातात आहे तोच रेझर ठेवा, बदामाएवढी क्रीम घ्या, आणि पाच मिनिटं मोबाइल बाहेर ठेवून आरशासमोर उभे राहा. न्हाऊन आलेल्या ओल्या गालावर ब्रश फिरवा, टोक पाण्याला टेकवा, पुन्हा फिरवा. वस्तरा घ्यायचा की नाही ते मग ठरवा. नाही घेतला, तरी रोजची दाढी सुधारलेली असेल.

आणि हो, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री मात्र कुठलाच प्रयोग नको. गुमान झोपा!